पोलादपूर ते फलटण: एका रेघेवर भूगोलाच्या शाखा

भूगोल नव्याने शिकायला घेतला की पहिल्याच दिवशी हाती शाखांचा तक्ता पडतो. डावीकडे प्राकृतिक, उजवीकडे मानवी, खाली दहा-पंधरा चौकटी. तक्ता चुकीचा नसतो, पण तो पाठ करून भूगोल येत नाही. त्याऐवजी नकाशावर शंभर किलोमीटरची एक रेघ ओढा, तिच्यावरून सरकत जा आणि थांबाल तिथे विचारा: हे इथेच का, आणि चार मैलांवर का नाही? उत्तरासाठी जी शाखा लागेल ती त्या वेळी उघडा.

या लेखासाठी घेतलेली रेघ अशी: पोलादपूर, महाबळेश्वर, पाचगणी, वाई, फलटण. पाचही गावे १८ अंश उत्तर अक्षवृत्ताच्या किंचित खाली, जवळजवळ एका ओळीत आहेत. म्हणजे दुपारचा सूर्य सगळीकडे सारख्याच उंचीवर येतो, दिवस सारखेच मोठे असतात. मग या गावांत जो फरक दिसेल त्याचे खापर अक्षांशावर फोडता येत नाही, दुसरे कारण शोधावे लागते. रेघ निवडतानाच एक घटक असा स्थिर ठेवला की पुढचे अर्धे काम सोपे होते.

ही रीत जुनी आहे. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हंबोल्ट १८०२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझो पर्वतावर चढला, आणि कोणत्या उंचीला कोणती झाडे सापडतात हे त्याने पुढे पर्वताच्या एकाच छेदचित्रावर, म्हणजे पर्वत उभा कापल्यासारख्या चित्रावर, मांडले. उंची, तापमान, वनस्पती, शेती हे सगळे एका कागदावर आले. आपण तेच सह्याद्रीवर करायचे.

आधी नकाशा

भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून देशाची मोजणी करतो आहे. त्याचे स्थलनिर्देशक नकाशे, म्हणजे टोपोशीट, हे भूगोलाचे पहिले हत्यार. विभागाच्या ऑनलाईन पोर्टलवर नोंदणी केली की पीडीएफ मिळतात. अडचण येते ती पत्रकाचा क्रमांक शोधताना, म्हणून तो आधी समजून घ्या.

जुन्या मांडणीत देशाचे ४ अंश × ४ अंशांचे तुकडे पाडून त्यांना अंक दिलेले आहेत. पश्चिम महाराष्ट्राचा मोठा भाग ४७ क्रमांकात येतो: १६ ते २० अंश उत्तर, ७२ ते ७६ अंश पूर्व. त्याचे एकेक अंशाचे सोळा तुकडे म्हणजे ए ते पी. मात्र ही अक्षरे आडवी नाहीत, उभी लावायची: वायव्य कोपऱ्यात ए, त्याच्या खाली बी, सी, डी, मग शेजारच्या स्तंभात वरून पुन्हा ई, एफ, जी, एच. प्रत्येक अक्षराचे पुन्हा १५ मिनिटांचे सोळा तुकडे, तेही असेच वरून खाली मोजायचे. नवखे लोक आडवे मोजतात आणि भलतेच पत्रक उतरवून घेतात.

वाई घ्या. साधारण १७.९५ उत्तर, ७३.८९ पूर्व. ७३ ते ७४ हा दुसरा स्तंभ, १७ ते १८ ही त्यातली तिसरी ओळ, म्हणून जी. त्याच्या आत ७३.७५ ते ७४ हा चौथा स्तंभ, १७.७५ ते १८ ही सर्वांत वरची ओळ, म्हणून १३. पत्रक ४७ जी/१३. याच हिशेबाने पोलादपूर ४७ जी/५, महाबळेश्वर ४७ जी/९, फलटण ४७ के/५, आणि मधला तुकडा ४७ के/१. पाच पत्रके, सगळी एका ओळीत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर आलेल्या ओपन सीरीजचे क्रमांक वेगळ्या पद्धतीचे आहेत, पण जुना क्रमांक माहीत असला की नवा शोधायला वेळ लागत नाही.

या पत्रकांचे प्रमाण १:५०,०००. नकाशावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. एक पत्रक अर्ध्या मीटरहून थोडे रुंद असते, म्हणून पीडीएफ ए-फोरवर ‘फिट टू पेज’ करून छापली की प्रमाण मेले. छापील १:५०,००० तसेच राहते आणि पट्टीने घेतलेले प्रत्येक अंतर खोटे ठरते. अशा वेळी तळाच्या रेषाप्रमाणावरच, म्हणजे किलोमीटर आखलेल्या पट्टीवरच, विसंबा. नकाशासोबत तेही आक्रसलेले असते. आणखी एक नेहमीचा घोळ: १:५०,००० हे १:२,५०,००० पेक्षा *मोठे* प्रमाण आहे. मोठे प्रमाण म्हणजे लहान मुलूख, पण जास्त तपशील.

४७ जी/१३ जवळून

पहिले पत्रक हेच उघडा. समासात सर्वेक्षणाचे वर्ष आणि समोच्च रेषांमधले, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधले, उंचीचे अंतर पाहून घ्या. या प्रमाणावर ते सहसा २० मीटर असते आणि दर पाचवी रेषा जाड. तपकिरी रंग उंचीचा, निळा पाण्याचा, हिरवा झाडीचा, पिवळा शेतीचा, लाल वस्ती आणि रस्त्यांचा. नदीचे पात्र काळ्या रेषांनी दाखवले असेल आणि आत निळा रंग नसेल, तर ती उन्हाळ्यात कोरडी पडते. ठिकाण सांगताना आधी पूर्वेकडचा आकडा, मग उत्तरेकडचा. उलट केले तर तुम्ही डोंगराच्या दुसऱ्याच कुशीत जाऊन उभे राहता.

आता पाचगणी शोधा. गावाला लागूनच एक जागा अशी दिसेल की कडेने तपकिरी रेषा एकमेकींना चिकटून गेल्या आहेत आणि आत मात्र जवळजवळ कोरा कागद. तेच टेबललँड. दाट रेषा म्हणजे कडा, कोरेपणा म्हणजे सपाटी. माथ्यावर जांभ्याचे कठीण टोपण आहे, त्यामुळे माथा टिकला आणि बाजू झिजल्या. इथे भूरूपशास्त्र, म्हणजे जमिनीच्या आकारांचा अभ्यास, सुरू झाला.

उतार डोळ्याने ‘बराच’ किंवा ‘थोडा’ असा सांगू नका, मोजा. दोन रेषांमध्ये २ मिलिमीटर अंतर असेल तर जमिनीवर १०० मीटर. चढ २० मीटर. म्हणजे पाचास एक, सुमारे ११ अंश. दरी आणि सोंड (डोंगराची खाली उतरत गेलेली धार) ओळखताना जवळजवळ प्रत्येक नवखा फसतो: इंग्रजी व्हीसारख्या रेषांचे टोक उंचीकडे असेल तर दरी, उताराकडे असेल तर सोंड. शंका आली तर टोकांमधून निळी रेघ जाते का ते बघा.

छेद काढा

पूर्ण रेघेचा छेद १:५०,००० वर काढायला दोन मीटर कागद लागेल. म्हणून यासाठी १:२,५०,००० ची ४७ जी आणि ४७ के ही दोनच पत्रके घ्या. रेघ सुमारे ४० सेंटिमीटरमध्ये बसते. सरळ कडेची कागदपट्टी रेघेवर ठेवा, प्रत्येक समोच्च रेषा कापते तिथे टिंब करून उंची लिहा, मग पट्टी आलेख कागदावर ठेवून टिंबे वर न्या. उभे प्रमाण १ सेंटिमीटरला २५० मीटर धरा.

तयार चित्र असे दिसते: डावीकडे कोकणाची सखल पट्टी, मग एकदम भिंत, साडेतेराशे मीटरच्या आसपास महाबळेश्वर, जवळपास त्याच उंचीवर पाचगणी, तिथून पसरणी घाटाने सहाशे मीटर खाली सुमारे ७०० मीटरवर वाई, मग पुन्हा डोंगररांगा आणि शेवटी साडेपाचशेच्या पुढे फलटण. यात उभे प्रमाण आडव्याच्या दहापट आहे हे चित्राखाली लिहायलाच हवे. आपला तो ११ अंशांचा उतार या चित्रात ६३ अंशांचा दिसतो. हे लिहायचे राहिले की बघणाऱ्याला सगळा सह्याद्री सुळक्यांचा वाटतो.

पाऊस: इथे घाई करू नका

छेदाच्या वर आता वार्षिक पावसाचे ढोबळ आकडे लिहा. महाबळेश्वर साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर. पाचगणी अठराशेच्या आसपास. वाई सातशे-आठशे. फलटण सुमारे पाचशे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे लक्षात ठेवले की आकड्यांना वजन येते.

‘डोंगराने ढग अडवले’ हे शाळेतले उत्तर इथे अपुरे पडते. डोंगर ढग अडवत नाही, हवेला वर चढायला भाग पाडतो. चढणारी हवा दर हजार मीटरला सुमारे १० अंशांनी थंड होते. ढग धरू लागले की थंड होण्याचा वेग निम्म्यावर येतो, कारण बाष्पाचे पाणी होताना उष्णता सुटते. माथ्यावर ही हवा पाऊस पाडून मोकळी होते आणि पलीकडे उतरताना तापत, कोरडी होत जाते. पूर्वेकडचा पट्टा पर्जन्यछायेत येतो तो असा.

छेद पुन्हा पाहा. महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्या उंचीत नाव घेण्यासारखा फरक नाही, सरळ रेषेत अंतर पंधराएक किलोमीटर, तरी पाऊस एक तृतीयांश. म्हणजे ‘उंच जागी पाऊस जास्त’ हा नियम इथे चालला नाही. गाव किती उंच यापेक्षा घाटमाथ्याच्या धारेपासून किती आत, हे इथे महत्त्वाचे ठरले.

आकडे घेताना तीन गोष्टी पाळा. एका वर्षाचा पाऊस म्हणजे हवामान नव्हे, तीस वर्षांची सरासरी घ्या. सध्या १९९१ ते २०२० चा कालखंड धरतात. रोजचा आकडा हवामान खात्याच्या रिवाजाने सकाळी साडेआठ ते साडेआठ असा असतो, त्यामुळे रात्रीची सर दुसऱ्या दिवसाच्या तारखेवर दिसते. आणि जिल्ह्याची सरासरी तर टाळाच. महाबळेश्वर आणि फलटण दोन्ही सातारा जिल्ह्यात आहेत. दोघांची सरासरी काढली तर जो आकडा येतो तेवढा पाऊस दोघांपैकी एकाच्याही अंगणात पडत नाही. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळापर्यंतचे आकडे मिळतात, ते वापरा.

पाणी, माती, झाडे

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचा उगम मानतात. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी नकाशावर ही जागा खरोखर जलविभाजक आहे. सावित्री पश्चिमेला उडी घेते आणि शंभरएक किलोमीटरमध्ये बाणकोटच्या खाडीला मिळते. कृष्णा पूर्वेला वळते आणि बंगालच्या उपसागरापर्यंत सुमारे १,४०० किलोमीटर चालते. साधारण तेवढाच उतार, पण एकीला शंभर किलोमीटर आणि दुसरीला चौदाशे. सावित्रीचा वेग, पोलादपूर-महाडकडचे खोल घळ्यांचे डोंगर आणि महाडचा पूर हे सगळे या एका भागाकारातून समजू लागते. महाडला वरून पुराचे पाणी येते तेव्हाच खालून खाडीची भरती तुंबवत असेल तर पाणी बाजारपेठेत शिरते. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली. तीव्र उतार, झिजलेल्या खडकाचा जाड थर आणि थोड्या वेळात कोसळलेला पाऊस यांची बेरीज ज्या उपयोजित भूरूपशास्त्रात करतात, त्याची निकड तिथे दिसली.

मातीचे कोडेही गमतीचे आहे. खाली सगळीकडे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा तोच काळा कातळ, तरी वर माती वेगळी. महाबळेश्वरला अतिपावसाने सिलिका धुऊन गेली, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिले, आणि जांभा व तांबडी माती तयार झाली. फलटणकडे तेवढे धुऊन न्यायला पाणीच नाही. नदीकाठी भेगाळणारी काळी, टेकाडांवर मुरमाड. मूळ खडकावरून माती ओळखू पाहणारा इथे चुकतो. झाडेही पावसामागे गेली: माथ्यावर जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा यांचे वाऱ्याने खुजे राहिलेले सदाहरित रान, पूर्वेला बाभूळ, बोर आणि गवत.

माणसे आली की कोडे बदलते

इथवर सगळे पावसाने ठरवले असे वाटते. म्हणून फलटणला थांबा. पावसाच्या मानाने इथे बाजरी-ज्वारी हवी, आणि नकाशावर मात्र कालवा, उसाचे मळे, साखर कारखाने. भाटघर आणि वीर धरणांचे पाणी नीरा उजव्या कालव्याने इथे येते. ते पडते पश्चिमेच्या डोंगरात, पिकते पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यात. डोंगर ओलांडून दक्षिणेला माण तालुका आहे. पाऊस जवळपास तेवढाच, नीरेचा पाट नाही, आणि दुष्काळ म्हटले की त्याचे नाव निघते. बागायत आणि जिरायत यांच्यातली ही सीमा ढगांनी आखलेली नाही, कालव्याच्या पातळीने आखली आहे: पाण्याला उताराने जाता येते तिथपर्यंत ऊस.

मानवी भूगोलातला जुना वाद याच सीमेवर उभा आहे. जर्मनीच्या फ्रीडरिश राट्सेलच्या परंपरेने निसर्गाच्या वर्चस्वावर भर दिला. फ्रान्सच्या व्हिदाल द ला ब्लाशने म्हटले की निसर्ग शक्यता देतो, निवड माणूस करतो. फलटण दुसऱ्याच्या बाजूने साक्ष देतो, पण अर्धवट. कालव्याकाठी वर्षानुवर्षे जास्त पाणी दिले, निचरा झाला नाही, की जमीन चोपण, क्षारपड होते. निवडीची किंमत निसर्ग मागून वसूल करतो.

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी हा आर्थिक भूगोलाचा धडा. थंड हिवाळा आणि पाणी न धरणारी तांबडी माती हे खरे, पण तशी माती इतरही सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, आहे. इथे ब्रिटिशांनी वसवलेले थंड हवेचे ठिकाण होते, दारात पर्यटक होते आणि पुण्या-मुंबईचा बाजार एका रात्रीच्या अंतरावर होता. लवकर नासणाऱ्या फळाला हे अंतर फार मोलाचे.

वसाहत भूगोलासाठी ४७ जी/९ आणि ४७ के/५ शेजारी ठेवा आणि नुसते लाल ठिपके बघा. पश्चिमेला विखुरलेल्या वाड्या, कारण सपाट जमीनच तुकड्यातुकड्यांत आहे आणि पाणी जागोजागी. पूर्वेला एकवटलेली गावठाणे, कारण पाणी मोजक्या ठिकाणी.

लोकसंख्येसाठी २०११ च्या जनगणनेचे आकडे घ्यावे लागतात. २०२१ ची जनगणना लांबली. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया: सातारा ९८८, रत्नागिरी १,१२२, मुंबई शहर ८३२. रत्नागिरीचा आकडा वाचून ‘इथे मुलींचे स्वागत होते’ असे लिहून मोकळे होऊ नका. तो मुख्यतः मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांचा ठसा आहे, आणि मुंबईचा आकडा त्याच नाण्याची दुसरी बाजू. जन्माचा प्रश्न विचारायचा असेल तर ० ते ६ वयोगटाचे गुणोत्तर वेगळे काढा.

राजकीय भूगोल या रेघेवर दोनदा भेटतो. घाटमाथ्याची धार रायगड आणि सातारा जिल्ह्यांची हद्द आहे, आणि वाईजवळून वाहणाऱ्या कृष्णेच्या पाण्याचा वाटा राज्या-राज्यांच्या लवादाने ठरतो.

संगणकावर

क्यूजीआयएस हे नकाशे हाताळण्याचे मोफत सॉफ्टवेअर नवख्याला पुरेसे आहे. सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक एकच: थर अंश-मिनिटांच्या पद्धतीत ठेवून अंतर किंवा क्षेत्रफळ काढणे. उत्तर अंशांत येते आणि कळतही नाही. साताऱ्यासाठी थर यूटीएम ४३ उत्तर (ईपीएसजी ३२६४३) या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत बदलून घ्या, मग मोजा. जुने टोपोशीट उपग्रह चित्रावर ठेवल्यावर सगळ्या खुणा एकाच दिशेला सरकलेल्या दिसल्या तर नकाशा चुकलेला नसतो. जुन्या पत्रकांचा भूमितीय आधार, म्हणजे पृथ्वीचा गृहीत धरलेला आकार, वेगळा होता, तो सॉफ्टवेअरला सांगावा लागतो. आणि तालुके रंगवताना एकूण लोकसंख्या रंगवू नका. मोठा तालुका आपोआप गडद होतो. घनता रंगवा, जमल्यास पिकाऊ जमिनीमागची.

एक दिवस पायी

वाई ते पाचगणी दरम्यान दोन किलोमीटरचा चढ निवडा, दर २०० मीटरला थांबा. प्रत्येक थांब्यावर त्याच क्रमाने लिहा: मोबाईलवरचे स्थान (मोकळ्यावर पाच-दहा मीटरची चूक गृहीत धरा), उतार, रस्त्याच्या कापात दिसणारी मातीची जाडी आणि रंग, काय पिकते, पाणी कुठून येते, छप्पर कशाचे. क्रम बदलला की शेवटच्या थांब्यांवर निम्म्या नोंदी राहून जातात. फोटोसोबत दिशा लिहा, नाहीतर घरी आल्यावर सगळे डोंगर सारखे. जून ते सप्टेंबर घाटात हा उद्योग करू नका.

प्रत्येक दोन थांब्यांआड मूठभर माती आणा. सरळ काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चिमूटभर मीठ. खडखडून हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात वाळू बसते, दोनेक तासांत गाळ, चिकणमातीला एक दिवस किंवा जास्तही. थरांची जाडी पट्टीने मोजून टक्के काढा. पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ असेल तर चिकणमाती भरपूर आहे, ओतून टाकू नका.

या रेघेवर समुद्र नाही, मोठे शहरही नाही. सागरविज्ञानासाठी रेघ पोलादपूरच्या पुढे बाणकोटपर्यंत वाढवा. नागरी भूगोलासाठी ४७ एफ/१४ घ्या. त्यावर शनिवारवाडा आणि शिवाजीनगर आहे. साडेअठरा अंशांची रेषा पुण्यातूनच जाते, त्यामुळे कात्रज बघायला खालचे एफ/१५ सुद्धा लागेल.